वाकड्या पायांचा बैल

माधवनगर,
२४ जून १९९४

सौ. भार्गवी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. अक्षर सुरेख आहे. चित्रकलेच्या बाईंचं असायचंच. लगेच उत्तर लिहायला बसले म्हणजे माझा राग गेला असं समजू नकोस. राग आहे, पण तो तुझ्यावर नाही, माझ्या भावावर आहे. अनीशने वैशाखात तुझ्याशी लग्न केलं, चांगलंच केलं. बायको गेल्यावर माणसाने किती वर्षं खानावळीत जेवायचं? पण शाळा उघडायच्या तोंडावर यायचं आणि पोरीला कपड्यांच्या पिशवीसकट उचलून पाचगणीला न्यायचं, ही कुठली रीत? अपूर्वा दोन वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली, तेव्हापासून ती माझ्याकडे. तिच्या झग्याचं माप मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. असो. मी शिवणाचा क्लास चालवणारी बाई. उसवलेल्या शिवणीकडे बघत बसणं मला परवडत नाही.

तू लिहितेस, तिकडे पाऊस उघडायचं नाव घेत नाही. शाळेतून आली की पोरगी खिडकीत बसते. हट्ट नाही, रडणं नाही, वाढलं ते खाते, आणि तुला 'बाई' म्हणते. वर विचारतेस, "आक्का, पावसात तुम्ही तिला काय करायला द्यायचात?"

अगं, आमच्याकडे असा पाऊस पडतोच कुठे? चार थेंब येतात, मग वारा सुटतो, पाऊस पळून जातो. पण पडायचा तेवढ्या वेळात आम्ही दोघी घराचा उकिरडा करून ठेवायचो. चिंध्या, दोरे, खळ, कागद. क्लासच्या मुली पाय कुठे ठेवू म्हणून दारातच उभ्या राहायच्या.

सोबत सांगली-महाबळेश्वर गाडीने एक पोतं पाठवते आहे. कंडक्टर ओळखीचा आहे, पाचगणीच्या स्टँडवर उतरवून देईल. आमच्या शेजारी आप्पासोंचे माग आहेत. सूत संपलं की आतला कागदी कोन रिकामा उरतो, निमुळता, टोपीसारखा. तसे भरपूर कोन पोत्यात आहेत. कोन उभा ठेवायचा, टोकावर चिंधीचा गोळा बांधला की झालं डोकं. गुंतलेलं सूत दिलं आहे, त्याच्या वेण्या. उरलेल्या चिंध्यांची लुगडी. आम्ही एकदा असं अख्खं वऱ्हाड केलं होतं, नवरदेवाला मिशा फुटल्या होत्या आणि नवरीला पण.

करून बघ. अपूला गूळ-शेंगदाणे आवडतात, पण ते तुला कळलं असेलच.

अनसूया


माधवनगर,
१ जुलै १९९४

चि. सौ. भार्गवीस,

बाहुल्या झाल्या म्हणायच्या! एकीला नऊवारी, एकीच्या नाकात नथ, एकीच्या कडेवर तान्हं मूल, आणि सगळ्यांचे डोळे तू ब्रशने रंगवलेस. अनीशने वेगळं लिहिलं आहे की वाईच्या घाटावरच्या बायका जशाच्या तशा उभ्या केल्यास. आणि अपूने काय केलं? "छान आहेत, बाई," म्हणाली, एका रांगेत फळीवर मांडून ठेवल्या, आणि परत खिडकीत.

हे वाचून मला वाईट वाटलं, असं मी लिहायला हवं. वाटलं. पण थोडं बरंही वाटलं, ते कशाला लपवू? चार वर्षं जी पोरगी माझ्या पदराला धरून फिरली, ती पंधरवड्यात दुसरीच्या मांडीवर जाऊन बसली असती तर मी इथे देव पाण्यात घालून बसले असते.

तुझ्या नवऱ्याने आणखी एक लिहिलं आहे. तुझ्याशी बोलला असेलच. "आक्का, ती इथे रमली नाही तर राखीपौर्णिमेला येताना तिला घेऊनच येतो. तुझ्याकडेच राहू दे. पोरीचे हाल मला बघवत नाहीत." मी त्याला हो किंवा नाही, काहीच कळवलेलं नाही. इथल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर मात्र घालून ठेवलं, की पहिलीतली जागा तेवढी धरून ठेवा.

तू विचारलंस म्हणून दुसरा खेळ सांगते. भेंडी आडवी कापायची. देठाकडचा जाड तुकडा हातात धरायला ठेवायचा. कापलेली बाजू रंगात बुडवून कागदावर उठवली की फूल उमटतं. दोडक्याच्या कापाचं वेगळं फूल, अर्ध्या कांद्याची वर्तुळं, बटाट्यावर सुरीने हवं ते कोरावं. रंग घरचेच, हळद, कुंकू, नीळ. रंग पातळ करू नकोस, खळीइतका दाट हवा. अपूला निळा आवडतो. अंगावर सांडून घेते, तेव्हा जुना झगा घाल.

अनसूया


माधवनगर,
६ जुलै १९९४

चि. सौ. भार्गवीस,

भेंडीचंही तेच झालं. कागद सादळलेला, नीळ पसरली, हळद तिच्यात शिरली, सगळा हिरवा चिखल. तरी त्यातून तू पैठणीचा काठ उठवलासच, वर मोरही काढलास. अपूने एका कोपऱ्यात एक भेंडी दाबली, हात धुतले आणि विचारलं, "आता जाऊ का, बाई?"

आणि मग तुझं आणि अनीशचं वाजलं. तो म्हणाला, बळजबरी नको, आक्काकडे पाठवू. तू म्हणालीस, मला निदान एक पावसाळा तरी द्या. त्याने ऐकलं नाही. तू पत्रात पुढे एक ओळ खोडली आहेस, पण शाईच्या खाली वाचता येते. "मला ती हवी आहे," असं लिहिलं होतंस.

त्या ओळीचं काय करावं हे मला कळलं नाही. दुपारी मी अपूची गादी उन्हात घालायला काढली. नवीन झग्याचं कापड आणलेलं होतं तेही बेतायला घेतलं. आप्पासो दारावरून जात होते.

"आक्का, पोरगी येनार वाटतं परत?"

"ठरलं नाही अजून."

"न्हाई ठरलं? मग गादी कशापायी वाळिवताय?" हसले, आणि म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या. लय सुनं सुनं झालंय बगा तुमचं घर. पर तिकडं ती नवी पोर हाय, तिचंबी घर सुनंच हुनार की मग."

ह्या माणसाला कोणी बोलायला सांगितलं होतं? मागाचा खडखडाट दिवसभर ऐकून याचे कान गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. गादी मी आत आणली नाही. वाळू दे म्हटलं.

तुला चिंचोके पाठवले आहेत. फोडून, पांढरी बाजू वर करून पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायचे. खळ मैद्याची कर. मागावर वापरतात तशी मोरचूद घातलेली नको, पोरगी बोटं चाटते. याहून जास्त मला सुचत नाही.

अनसूया


माधवनगर,
११ जुलै १९९४

भार्गवी,

खळीला बुरशी आली आणि चिंचोके पुठ्ठ्यावरून गळून पडले, हे वाचून मी कपाळाला हात लावला. ते राहू दे बाजूला. तुझ्या पत्रातलं दुसरं पान मी तीनदा वाचलं.

तू लिहितेस, शाळेतून आल्यावर तिची कंपासपेटी पुसायला घेतलीस तर आत पेन्सिलीबरोबर मातीचा एक गोळा सापडला. तुला वाटलं, बटाट्याला माती लागून वाळली असावी. टाकायला निघालीस तर पोरगी खिडकीतून धावत आली, महिन्याभरात पहिल्यांदाच धावली, आणि ओरडली, "तो बैल आहे! आत्याने केलाय!" आणि मग जरा हळू आवाजात, "तिला येत नाही ना."

तू हसली नाहीस. तू तो गोळा कापसात गुंडाळलास, एक शिंग आधीच मोडलं होतं ते सुद्धा शोधून बरोबर गुंडाळलंस, आणि पेटीत होता तिथेच परत ठेवलास. वर मला लिहितेस, "आक्का, तुम्हाला मातीकाम जमत नसेल तर मी आले की शिकवीन."

आधी मी खूप हसले. मग हे लिहायला बसले. तुला कळतंय का, किल्ली तुझ्या हातात होती आणि तू ती कापसात गुंडाळून ठेवून दिलीस? आणि अशी गुंडाळलीस की मला आता गप्प बसवत नाही. दुसरी एखादी असती तर तिने तो गोळा कुंडीत टाकला असता. मी वाईट बाई नाही गं, पण गेले तीन आठवडे तू विचारते आहेस ते सोडून बाकी सगळं मी तुला सांगते आहे. आता ऐक.

माझ्याकडे आम्ही जे जे केलं ते मी बिघडवायचे. बाहुलीला दोन्ही हात एकाच बाजूला. भेंडीचं फूल कागदाच्या बाहेर. बेंदराला बैल केला तर त्याचे पाय चार दिशांना चार. मग अपू कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, "आत्या, हा बैल आहे की डुक्कर?" मी म्हणायचे, "मला काय माहीत, तूच बघ." की मग ती मला ढकलायची, "सरक, तुला येत नाही," आणि पाट ओढून बसायची. ती बसली की पाऊस कधी गेला, दिवेलागण कधी झाली, काही कळायचं नाही.

तुझे हात फार चांगले आहेत, भार्गवी, हीच अडचण आहे. तू केलेल्या गोष्टीत त्या पोरीला करायला काही उरतच नाही. फळीवर मांडून ठेवण्याखेरीज ती करणार तरी काय? तेव्हा बिघडव. डोळे तिरळे काढ. पाय वाकडे लाव.

हे सांगितलं म्हणजे ती राखीपौर्णिमेला माझ्याकडे राहायला येणार नाही, एवढं मला कळतं. तरी सांगितलं.

आक्का


माधवनगर,
१६ जुलै १९९४

भार्गवी,

पकडलंन ना तुला! पोळ्या करताना कणकेचा बैल केलास, शेपटी डोक्याला लावलीस, पाय तीनच, आणि अपूने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही मुद्दाम वाईट केलात. तुम्हाला येतं." आणि गेली खिडकीत. आता तर ती तुझ्याकडे संशयाने बघते, म्हणतेस. बघणारच. तिने तुझ्या बाहुल्यांच्या नथी पाहिल्या आहेत. पोरगी कुणाची आहे? डोळ्यांत धूळ टाकून घेणाऱ्यातली नाही ती.

तू लिहिलंस, "आक्का, आता मला वाईटसुद्धा चांगलं करता येत नाही." एवढी रडवेली होऊ नकोस. वाक्य मात्र छान आहे, मी क्लासमध्ये मुलींना वाचून दाखवलं.

आता फसवू नकोस. चार दिवसांवर बेंदूर आला. तुमच्या वाईला असतो तसाच इथेही, घरोघरी मातीच्या बैलांची जोडी पुजायची आणि पुरणपोळीचा नैवेद्य. बाजारातून आणू नकोस, घरी कर, आणि तुला जमेल तितकी चांगली कर. निदान सणाला घरात एक धड जोडी असेल. डालड्याच्या डब्यात काळी माती पाठवते आहे, कृष्णाकाठची, चाळलेली. तुमच्या तांबड्या मातीचं काही होत नाही. रात्रभर भिजव. आपण वाती करतो तो कापूस पिंजून मातीत घाल आणि मळ, म्हणजे भेगा पडत नाहीत. पायांत खराट्याच्या काड्या घाल. वशिंड वेगळं करून मागून चिकटव, चिकटवताना पाण्याचं बोट फिरव. मग सावलीत दोन दिवस ठेव. खणखणीत वाळतात. आमच्याकडे तर दीड दिवसात वाजायला लागतात.

अपूला हाक मारू नकोस. आली तर आली.

माझ्या पोतडीत आता काही उरलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मी अजून जागा सोडा म्हटलेलं नाही, हे तुला माहीत असावं. गादी मात्र आत आणली. आभाळ आलं होतं.

आक्का


माधवनगर,
२५ जुलै १९९४

प्रिय भार्गवी,

तुझं जाडजूड पाकीट पोस्टमनने हातात दिलं आणि म्हणाला, "जादा तिकीट लागलंया, पर काय तरी चांगलंच असनार." पाच पानं! उंबऱ्यात उभी राहूनच वाचली.

म्हणजे तू माझं अक्षरन् अक्षर पाळलंस. माती भिजवलीस, कापूस पिंजलास, अशी जोडी केलीस की अनीशने विचारलं, विकत आणली का? झुलीवर आरशांच्या टिकल्या, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. सावलीत ठेव म्हटलं म्हणून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलीस. आणि दोन दिवसांनी बेंदराच्या सकाळी पाहिलंस तर एक बैल पुढचे गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्याचं पोट फळीला लागलेलं आणि शिंगं कानांवर उतरलेली. काडी पायातून बाहेर आलेली. माती आणली तशीच ओली. टिकल्या सुटून खाली.

तू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडलीस. बैलासाठी कोण रडतं? मला ठाऊक आहे तू कशासाठी रडलीस. चार हप्ते तू काहीही केलंस तरी हेच होत होतं, आणि राखीपौर्णिमा जवळ आली होती.

आणि अपू खिडकीतून उतरली. तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवले का गं तिने? ते तू लिहिलेलं नाहीस. पण विचारलं ते लिहिलं आहेस. "हा बैल आहे की डुक्कर?"

मी इथे पत्र खाली ठेवलं. पाणी प्यायले आणि मग पुन्हा उचललं.

तू म्हणालीस, "मला नाही गं माहीत." आणि ते खरंच तसं होतं, तुला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "रडू नकोस. आत्याचे पण असेच होतात. सरक." 'रडू नका, बाई' नाही म्हणाली. तुझ्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक.

पुढचं तर मी पाठ केलं आहे. पोत्यातला सुताचा कोन आणून तिने बैलाच्या पोटाखाली घातला. शिंगं काढून पुन्हा लावली, एक वर, एक पुढे. तू मदतीला हात पुढे केलास तर हातावर चापट मारली. मग घरभर फिरून विचारलं, इथे काहीच कसं वाळत नाही? तुम्ही कपडे कसे वाळवता? तू शेगडी दाखवलीस, तिच्यावर उलटी टोपली, टोपलीवर तुमचे मोजे. झालं, मोजे बाजूला सारून बैल टोपलीवर चढवले आणि पाट ओढून त्यांच्यासमोर बसली. अनीश कामावरून आला आणि विचारायला लागला, "आज बैल वाळत घातलेत की मोजे?" तर त्याला म्हणाली, "श्श. आम्ही काम करतोय."

'आम्ही' म्हणाली!

तू विचारतेस, "आक्का, खरं सांगा, तिथे वाळणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही मुद्दाम केलंत ना?" नाही गं. देवाशपथ नाही. माझ्या डोक्यात इथला वारा होता. आषाढातही इथे दोन दिवसांत माती वाजते, तर जगात सगळीकडे वाजत असणार, असं मी धरून चालले. आप्पासोंना तुझं पत्र वाचून दाखवलं तर पोट धरून हसले.

"आवं आक्का, पाचगनीत आषाढात लुगडं वाळंना, तितं बैल कसा वाळंल? येवडंबी कळंना व्हय तुमास्नी? लोकास्नी शिवाय शिकिवता न्हवं?"

शिकवते. आणि ह्या एका चुकीचा मला जन्मभर अभिमान वाटणार आहे.

काल शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना जागा सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, वाईट वाटत असेल तुम्हाला. मी म्हटलं, वाटतंय. घरी आले आणि रडले. तुला सांगते कारण तू मला तुझं रडणं कळवलंस. पण रडताना एकदम तो मोज्यांमधला बैल डोळ्यांपुढे आला आणि हसूच फुटलं. क्लासची एक मुलगी दारात उभी होती, ती घाबरून परत गेली.

नमस्काराला जोडलेले अपूचे आणि तुझेही हात डोळ्यांसमोर आहेत. दोघींना मिळून एकच आशीर्वाद पाठवते, वाटून घ्या.

आक्का


माधवनगर,
३ ऑगस्ट १९९४

प्रिय भार्गवी,

अनीशला तोंड आवरत नाही, हे त्याचं लहानपणापासूनचं दुखणं आहे. सांगितलं ना तुला? सांगलीला गावभागात आमच्या माहेरी बेंदराच्या आधी अख्खी गल्ली माझ्याकडे माती घेऊन यायची, हे सांगितलं. माझ्या बैलांच्या मानेवरच्या सुरकुत्या सुद्धा दिसायच्या, हेही सांगितलं. आणि आता तू विचारतेस, "मग अपूच्या कंपासपेटीतला तो बटाटा कुणी केला?"

मीच केला. ऐक आता, आणि हे पत्र वाचून झालं की शेगडीत घाल.

तिची आई गेली आणि अनीश तिला माझ्याकडे ठेवून गेला, तेव्हा ती रडतही नव्हती. तू पाहिलीस ना, तशीच, वाढलं ते खायची आणि खिडकीत बसायची. बेंदूर आला. मी जीव ओतून एक बैल केला. इतका चांगला मी कधीच केला नव्हता. तिच्यापुढे ठेवला. तिने पाहिला आणि तोंड फिरवलं. मी उचलायला गेले तर हातातून निसटला, तोंडावर पडला, नाक पार चपटं झालं. आणि ती पोरगी हसली. दोन वर्षांचं बोट पुढे करून त्या चपट्या नाकात खुपसलं, आणि मग मातीत दोन्ही हात घातले.

त्यानंतर मी धड बैल केलेला नाही. पहिल्या वर्षी सोपं गेलं. पुढे ती मोठी झाली, नजर तयार झाली, तेव्हा मला फार जपावं लागलं. वाईट करणं हे काम आहे, भार्गवी. नुसता वेडावाकडा करून चालत नाही, ते तिला कळतं, तुझ्या कणकेच्या बैलाचं कळलंच की. आपल्याला खरंच करायचा आहे आणि जमत नाही, असा तो दिसावा लागतो. आणि एखादाच पाय असा चुकावा लागतो की बघणाऱ्याला वाटावं, हा मला नीट करता येईल. बोटं आपोआप बरोबर जागी जातात, त्यांना ओढून मागे आणावं लागतं.

हे तिला कधी सांगू नकोस. ती मोठी होईल, तिच्या हातून तुझ्यापेक्षा चांगले बैल होतील, तेव्हाही नाही. अनीशलाही बजाव. आत्याला येत नाही, हे तिच्या घरात कायमचं ठरलेलं असू दे.

राखीपौर्णिमेला तुम्ही तिघंही येताय, हे वाचून झग्याचं कापड पुन्हा बाहेर काढलं. गादीही काढते, पण दोन रात्रींपुरती. जाताना तिला घेऊनच जायचं. नाहीतर तुझी शेगडी कोण बघणार?

ह्या डब्यात तिच्यासाठी एक बैल पाठवते आहे. बेंदूर होऊन गेला, पण चालेल. मागचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला गेला आहे आणि तोंड मांजरासारखं झालं आहे. तिला सांग, आत्याने खूप प्रयत्न केला पण तिला अजून जमत नाही, राखीपौर्णिमेला येशील तेव्हा शिकव.

इतका वाईट करायला मला अख्खी दुपार लागली. शेवटी तो पाय डोळे मिटून लावला.

तुझी,
आक्का